थोड्या डॉलरांत परराज्यातली शिकार : आयोवा ते वायोमिंग

ऑगस्ट लागला की आमच्या घरी दुधाचे प्लास्टिकचे कॅन फेकायचे नाहीत, असा दंडक आहे. विसळायचे, पाऊण पाण्याने भरायचे आणि गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये उभे रचायचे. ऑक्टोबरपर्यंत दहा-बारा होतात. मग एका पहाटे ते दोन मोठ्या कूलरमध्ये जातात आणि आम्ही डे मॉइनहून वायोमिंगकडे शिकारीला निघतो. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि माझ्या ऑफिसातला एक जन्मजात आयोवाकर. पाच दिवस, माणशी चारशे डॉलरच्या आसपास, आणि येताना होळीपर्यंत पुरेल एवढं मटण.

आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा फोनवर जरा वेळ शांतता होती. मग म्हणाली, "अगं, याच्यासाठी आपल्याकडे आत टाकतात ना?" टाकतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातली हौसेची शिकार थांबवली, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत गणित निराळं आहे. इथे प्रत्येक राज्याचं वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेतं, कुठल्या भागात किती नर आणि किती माद्या कमी व्हायला हव्यात ते ठरवतं आणि त्या हिशेबाने परवाने काढतं. खात्याचा बराचसा खर्च याच परवान्यांवर आणि बंदुका-काडतुसांवरच्या १९३७पासूनच्या केंद्रीय करावर चालतो. हे ज्यांना पटत नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण अमेरिकेत राहून ज्यांना करून बघायचंय आणि "गाइड लागतो, पाच हजार लागतात" हे ऐकून जे मागे फिरलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिलं काम: कागद

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा परिच्छेद सोडा. एच-वन, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर दोनदा वाचा. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक वा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा एक: तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू शिकार-लायसन्स हवं. "चालू" या शब्दावर सगळं अडतं. आयोवाचं वार्षिक लायसन्स १० जानेवारीला संपतं. ११ तारखेला कपाटात रायफल असेल आणि नवं लायसन्स नसेल, तर कपाटात गुन्हा ठेवलेला आहे. माझ्या एच-वनच्या काळात मी नूतनीकरणाची आठवण डिसेंबरातच लावून ठेवायची. स्टेटस बदलाच्या अधल्यामधल्या अवस्थेत असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाची अर्ध्या तासाची फी भरा. या सगळ्या खटाटोपात वाचवू नयेत असे हे पहिले पैसे.

गांजाबद्दलही एक वाक्य. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी केंद्राच्या कायद्याने तो नियमित घेणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही.

त्यानंतर हंटर एज्युकेशनचा कोर्स. आयोवात १ जानेवारी १९७२नंतर जन्मलेल्याला तो केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. वायोमिंगची तारीख १ जानेवारी १९६६ आहे. एका राज्याचं प्रमाणपत्र बाकीच्या राज्यांत चालतं, म्हणून तो जवळपास, सवडीने, घरच्या राज्यातच उरकावा. मोठ्या माणसांना आयोवात तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. पण शक्य असेल तर वर्गात बसा. वर्गात शिकवणारे बहुतेक निवृत्त शेतकरी, स्वयंसेवक. बंदूक हातात कशी घ्यायची, कुंपण ओलांडताना ती आधी खाली कशी ठेवायची, हे त्यांच्या हाताकडे बघून जसं कळतं तसं पडद्यावर कळत नाही. शिवाय माझ्यासारख्या, बापजन्मात रायफल न पाहिलेल्या बाईला तिथे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "मग सीझनला कुणाबरोबर जाणार?" आमचं त्रिकूट जमवायला तिथूनच सुरुवात झाली.

शिंगं हवीत की मटण?

स्वस्त आणि महाग यांतला सगळा फरक या प्रश्नात आहे. परराज्यातल्या माणसाने एल्क, म्हणजे मोठं हरीण, मारायचा म्हटला तर नुसता परवाना सातशे-आठशे डॉलर. आमच्या आयोवातला व्हाइटटेल हरणाचा नर तर इतका नावाजलेला, की बाहेरच्यांना परवान्यासाठी वर्षानुवर्षं सोडतीत वर नेणारे पॉइंट साठवत बसावं लागतं. आम्ही त्याच्या शेजारी राहून आठशे मैल लांब जातो, हे ऐकून काही लोक हसतात. हसू देत.

आम्ही जातो ते प्रॉन्गहॉर्नसाठी. स्थानिक लोक त्याला सरळ "अँटिलोप" म्हणतात, लाडात "स्पीड गोट" म्हणजे पळणारं बोकड. दिसायला आपल्या काळविटाच्या नात्यातला वाटतो, पण तो खरा अँटिलोप नाही. जिवंत प्राण्यांत त्याचे जवळचे नातेवाईक जिराफ आणि ओकापी. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर पळतो आणि उघड्या माळावर राहतो. नवशिक्यासाठी हे वरदान आहे, कारण तो दिसतो. आयोवातल्या हरणासाठी झाडावर दिवसभर थंडीत बसून काहीच न दिसण्याची जी शिक्षा असते, ती इथे नाही. सकाळी आठपर्यंत तीन कळप दिसलेले असतात. जवळ जाता येत नाही ही गोष्ट वेगळी.

वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाला नराचा परवाना ३२६ डॉलर, "स्पेशल", म्हणजे जास्त पैसे भरणाऱ्यांच्या वेगळ्या रांगेतून हवा असेल तर १,२०० डॉलर. आणि मादी किंवा पिल्लू मारण्याचा, म्हणजे डो-फॉन, परवाना ३४ डॉलर. बरोबर वाचलंत. वर अर्जाचं १५ डॉलर शुल्क आणि वर्षातून एकदा कॉन्झर्व्हेशन स्टॅम्प, तो २१.५० डॉलर. डो-फॉनच्या सोडतीत पॉइंटांचा संबंध नाही, त्यामुळे पहिल्या वर्षीच्या माणसाला आणि दहाव्या वर्षीच्या माणसाला सारखीच संधी. आकडे विधिमंडळ बदलतं, तेव्हा भरण्याआधी खात्याच्या पानावर ताडून बघा.

मादी ओळखायला शिका, कारण चुकलात तर तो दंडाचा मामला आहे. प्रॉन्गहॉर्नच्या मादीलाही कधीकधी बोटाएवढी शिंगं असतात, म्हणून शिंगांवर जाऊ नका. नराच्या जबड्याखाली, गालावर काळा डाग असतो; मादीला तो नसतो. दुर्बिणीतून गाल बघायचा, मगच पुढचा विचार.

शिवाय हेही ध्यानात ठेवा, की दरवर्षी परवाने तेवढेच निघतील असं नाही. २०२२-२३च्या हिवाळ्यात वायोमिंगच्या पश्चिम आणि दक्षिण भागात प्रॉन्गहॉर्न मोठ्या संख्येने मेले आणि खात्याने कित्येक भागांतले परवाने कापले. ज्या भागाबद्दल पाच वर्षांपूर्वी कुणी छातीठोक सांगितलं होतं, तिथे आज माद्यांचा परवाना शून्य असू शकतो.

लायसन्स स्वस्त, जमीन महाग

आमची पहिली सहल इथेच बुडाली. जुलैत उरलेले परवाने निघतात. त्या यादीत एका भागापुढे शेकडो शिल्लक दिसले. आम्ही हरखलो, प्रत्येकी दोन घेतले. तिघांचे मिळून सहा. परवान्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "फक्त खासगी जमिनीवर वैध". तेवढं वाचायचं राहिलं. ऑक्टोबरात तिथे पोचलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कळप चरत होते आणि आम्ही गाडीत बसून थालीपीठ खात होतो. तीन रँचवाल्यांची दारं ठोठावली. एकाने सभ्यपणे नाही सांगितलं, एकाने माणशी जी फी सांगितली ती ऐकून आम्हीच आभार मानले, तिसरा घरी नव्हता. इतके परवाने उरतात, ते उगाच उरत नाहीत.

म्हणून क्रम उलटा करा. आधी पाय ठेवायला जमीन शोधा, मग त्या जमिनीवर चालणारा परवाना.

जवळजवळ निम्मं वायोमिंग केंद्र सरकारच्या मालकीचं आहे. त्यातलं माळरान बहुतेक ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे. त्यांच्या नकाशावर रंगांची भाषा ठरलेली आहे: बीएलएमची जमीन पिवळी, राज्याची निळी, राष्ट्रीय वनांची हिरवी, आणि पांढरं ते खासगी. पिवळ्यावर शिकार करता येते, आणि सहसा १४ दिवसांपर्यंत फुकट तंबूही टाकता येतो. निळ्यावर शिकार चालते, पण रात्री मुक्काम आणि शेकोटी नाही. पांढऱ्यावर परवानगीशिवाय पाऊलही नाही. नकाशा उघडलात की पिवळ्याचा मोठा सलग पट्टा शोधा, आणि त्याला सार्वजनिक रस्ता टेकतो का ते बघा. चारी बाजूंनी पांढऱ्याने वेढलेलं पिवळं दिसायला सरकारचं असतं, पण तिथे पोचायला हेलिकॉप्टर लागतं.

दक्षिण वायोमिंगात, इंटरस्टेट ८०च्या आसपास, नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. १८६०च्या दशकात रेल्वे टाकताना सरकारने एक मैल बाय एक मैलाचे चौकोन एकाआड एक कंपनीला दिले, त्याची ही खूण. पटावरचे दोन पिवळे चौकोन फक्त कोपऱ्यात टेकतात. त्या कोपऱ्यावरून उडी मारून जाणं गुन्हा की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०२१ साली मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी कार्बन काउंटीत शिडी लावून कोपरा ओलांडला, जमीनमालकाने खटला भरला, आणि मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल वायोमिंग, कोलोराडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमाला लागू. मोंटाना त्या सर्किटमध्ये येत नाही. तरीही माझा सल्ला: पहिल्या वर्षी कोपऱ्यांच्या नादी लागू नका. फुटाचा हिशेब फोनच्या जीपीएसवर सोडण्याइतका तो भरवशाचा नसतो.

तिसरा मार्ग फार थोड्या नवख्यांना माहीत असतो. वायोमिंगचं खातं "अ‍ॅक्सेस येस" नावाखाली शेतकऱ्यांकडून जमिनी शिकारीपुरत्या खुल्या करून घेतं. वॉक-इन भागात चालत जायचं, एवढाच नियम, गाडी कडेला. हंटर मॅनेजमेंट एरिया असेल तर खात्याच्या साइटवरून फुकट परवानगीपत्र काढायचं आणि ते बरोबर ठेवायचं. आमची दुसऱ्या वर्षापासूनची सगळी शिकार अशा एका वॉक-इन भागात आणि त्याला लागून असलेल्या पिवळ्या पट्ट्यात झाली आहे.

अशा योजना इतर राज्यांतही आहेत. कॅन्सस आणि साउथ डकोटात प्रत्येकी दहा लाख एकरांहून जास्त वॉक-इन जमीन आहे, नॉर्थ डकोटात तिला "प्लॉट्स" म्हणतात, मोंटानात "ब्लॉक मॅनेजमेंट". रायफलची भीती वाटत असेल तर कॅन्सस किंवा साउथ डकोटात फेझंट पक्ष्यांपासून सुरुवात करा. सोडत नाही, थांबणं नाही, लायसन्स घरबसल्या निघतं. मटण मात्र मूठभर.

एक अडसर लक्षात असू द्या: वायोमिंगातल्या केंद्रीय वाइल्डर्नेस भागात, म्हणजे रस्ते-गाड्या नसलेल्या राखीव रानात, बाहेरच्या माणसाला मोठी शिकार गाइडशिवाय किंवा स्थानिक सोबत्याशिवाय करता येत नाही. प्रॉन्गहॉर्न माळावरचा, त्यामुळे आपल्याला त्याची झळ नाही.

वर्षाचं कॅलेंडर

मार्च-एप्रिलमध्ये नकाशे चाळा. खात्याच्या त्या-त्या विभागाच्या जीवशास्त्रज्ञाला फोन करा. हो, ते फोन घेतात, आणि "या भागात डो-फॉन परवान्यावर सार्वजनिक जमिनीवर कितपत जमतं?" असा नेमका प्रश्न विचारलात तर नेमकं उत्तर देतात. "चांगली जागा सांगा" म्हणालात तर गोड बोलून वाटेला लावतात. अर्जांच्या यादीतही ज्या भागांत सार्वजनिक जमिनीवर पोचणं अवघड आहे, त्यांच्यापुढे तशी खूण असते.

परप्रांतीयांसाठी अर्जाची मुदत जूनच्या अगदी सुरुवातीला संपते. महिन्याच्या उत्तरार्धात निकाल, जुलैत उरलेले परवाने. बऱ्याच भागांत सीझन सप्टेंबर-ऑक्टोबरात. आम्ही मुद्दाम ऑक्टोबरचा दुसरा आठवडा धरतो. पहिल्या दिवसांची झुंबड ओसरलेली असते, मोटेलचे दर खाली येतात आणि थंडी पडल्यामुळे मटण टिकवणं सोपं जातं. कळप तोवर सावध झालेले असतात, तेवढी किंमत मोजायची.

चारशे डॉलर जातात कुठे

तिघे, एक गाडी, माणशी दोन माद्या:

परवाने, अर्जशुल्क, स्टॅम्प : सुमारे १२०
पेट्रोल : जाऊन-येऊन सोळाशे मैल, तिथलं फिरणं तीनशे, गॅलनला २४ मैलांनी ८० गॅलन, म्हणजे साधारण २६० डॉलर, माणशी ८७
एक रात्र मोटेल, तिघांत : ४०
किराणा : ४०
काडतुसांच्या दोन पेट्या, सरावासकट : ६५
नकाशाचं अ‍ॅप, एका राज्याचं : ३५
बर्फ, किरकोळ : २०

झाले ४०७. प्रॉन्गहॉर्न लहान जनावर; मादीचं हाडाशिवाय मटण साधारण ३५ पौंड निघतं. दोन माद्यांचं सत्तर पौंड, म्हणजे बत्तीसेक किलो. किलोला तेरा डॉलरच्या आत. आमच्या गावात बोकडाचं मटण याहून महाग पडतं.

यात रायफल, दुर्बीण आणि बूट नाहीत, हे कबूल करते. पहिल्या वर्षी तो खर्च वेगळा येतोच. साधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्या, .२४३ किंवा ६.५ क्रीडमूर काडतुसाची, या जनावराला तेवढी पुष्कळ झाली आणि खांद्याला धक्काही कमी. लोक रायफलवर हजार डॉलर घालतात आणि दुर्बीण खेळण्यातली आणतात. उलट करा. माळावर दिवसाचे आठ तास तुम्ही दुर्बिणीला डोळे लावून असता, आणि रायफलीचं काम असतं एका सेकंदाचं. कॅमोफ्लाजचे कपडे लागत नाहीत. मातकट रंगाची जुनी पँट चालते; वर मात्र भडक केशरी किंवा गुलाबी रंगाचं एक तरी वस्त्र कायद्याने हवंच. मी गुलाबी टोपी घालते.

काटकसर जिथे करू नये अशा जागा तीन: टायर, बर्फ आणि गोळी. पूर्ण आकाराचं स्टेपनी चाक ठेवा. घरात लहान मुलं असतील तर शिशाऐवजी तांब्याची गोळी घ्या. शिशाचे कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात पसरतात.

रस्ता आणि मुक्काम

रायफल रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत, काडतुसं वेगळी. मध्ये कुठल्याही राज्याचे नियम निराळे असले तरी, दोन्ही टोकांना बंदूक बाळगणं कायदेशीर असेल, तर अशा नेण्याला १९८६चा केंद्रीय कायदा संरक्षण देतो. डे मॉइनहून पहाटे चारला निघालं की ओमाहा, मग न संपणारं नेब्रास्का, शायान, आणि संध्याकाळी कॅस्परच्या अलीकडे. वाटेत घड्याळ एक तास मागे जातं.

जेवण घरचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-तूप, तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस उत्तम राहतात. पुढचे दिवस गॅसच्या शेगडीवर पोहे आणि मुगाची खिचडी. आमच्या आयोवाकराला मेतकूट-भाताची अशी चटक लागली आहे की बीफ जर्कीची पिशवी न उघडता परत येते.

तंबूपेक्षा वाऱ्याची काळजी करा. कॅस्परच्या आसपास समुद्रसपाटीपासून पाच हजार फूट उंची, आडोसा म्हणून सेजब्रशची गुडघाभर झुडपं. तंबूचे खुंटे लांब घ्या. आणि पावसाची चाहूल लागली तर कच्च्या रस्त्यावरून लगेच डांबरी रस्त्याला या. तिथल्या मातीत बेंटोनाइट असतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला एका वाक्यात सांगते: आपल्या काळ्या मातीतली फुगणारी चिकणमाती आणि हा बेंटोनाइट, दोन्हींत मुख्य खनिज तेच, मॉन्टमोरिलोनाइट. परभणीच्या शेतात जुलैत गाडी घालाल का? दुसऱ्या वर्षी आम्ही घातली. चाकांवर चिखलाचे थर चढत चढत मडगार्डला टेकले आणि गाडी थांबली. रात्र गाडीतच काढली. पहाटे थंडीने जमीन गोठली तेव्हा तिच्यावरून बाहेर आलो. फोनला रेंज नव्हती. नकाशे आधीच उतरवून घ्या, आणि घरी कुणाला तरी सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं.

माळावर

घराजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर २०० यार्डांना नेम बसवून घ्या, पण टेबलावरून मारलेल्या गोळ्यांवर विसंबू नका. बसून, पालथं पडून, दोन काठ्यांच्या टेकूवरून मारा. दहातल्या नऊ गोळ्या जेवणाच्या ताटलीत बसतात ते अंतर तुमची हद्द. माझी १८०.

प्रॉन्गहॉर्नची नजर भयंकर तीक्ष्ण. मैलावरून तो तुम्हाला बघतो. त्यामुळे सगळी कला उंचवट्यांच्या आडून जाण्यात. कळप कुठे आहे ते टेकडीवरून बघायचं, मधला ओघळ नकाशावर धरायचा, वारा तोंडावर घेत ओघळातून जायचं आणि शेवटची शंभर पावलं सरपटत. या सरपटण्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं: गवतात निवडुंग असतो. वीतभर उंचीचा, फड्या निवडुंगाचा खुजा भाऊ, गवताखाली लपलेला. पहिल्या मादीच्या वेळी माझ्या डाव्या गुडघ्यात त्याचं अख्खं पान रुतलं होतं. ओरडता येत नव्हतं. लाद्या बसवणारे वापरतात ते गुडघ्याचे पॅड पंधरा डॉलरला मिळतात. चामड्याचे हातमोजे घरात असतील ते.

त्या दिवशी पाच माद्या होत्या. १६० यार्ड. चार आडव्या उभ्या, पण एकीमागे एक. पुढचीला मारलेली गोळी पार होऊन मागचीला लागू शकते, म्हणून एक वेगळी होईपर्यंत थांबायचं. सात मिनिटं लागली असतील. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम. ती वीस पावलं पळाली आणि बसली. मला वाटलं होतं आनंद होईल; आधी हात कापले, आनंद नंतर, तोही निराळाच.

रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडता येत नाही, हे सांगायची गरज पडू नये. पण कळप रस्त्यालगत उभा असतो आणि मोह होतो.

गोळीनंतर घड्याळ सुरू

पहिलं काम कुपन. परवान्याचा तुकडा तारीख घालून, सही करून, फाडून, जनावर हलवण्यापूर्वी त्याला लावायचा. पेन बरोबर ठेवा. थंडीत बॉलपेन उमटत नाही, पेन्सिलही ठेवा.

"अँटिलोपला वास मारतो" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांनी बहुतेक गाडीच्या टपावर दिवसभर उन्हात फिरवलेला प्राणी खाल्लेला असतो. याचे केस आतून पोकळ, थंडीत ऊब धरून ठेवणारे. मेल्यावरही ते तेच काम करतात आणि आतलं मटण शिजत राहतं. पोट ताबडतोब मोकळं करा, तासाभरात कातडं उतरवा. केसांना लागलेला हात मांसाला लावू नका. एक जण कातडं धरतो, दुसरा सुरी चालवतो. चारही पाय आणि पाठीचे लांब तुकडे काढून उशीच्या जुन्या, धुतलेल्या अभ्र्यांत घाला. शिकारीच्या दुकानात याच कामाच्या पिशव्या वीस-तीस डॉलरला मिळतात. मागचे-पुढचे पाय आणि पाठ सोडून जाणं वायोमिंगात गुन्हा आहे. मादी असल्याचा पुरावा, म्हणजे डोकं किंवा कासेचा भाग, बरोबर राहायला हवा. वाटेत खात्याची चौकी लागली तर थांबणं सक्तीचं; ते जनावर बघतात, वय काढतात, चार शब्द बोलतात.

आता ते दुधाचे कॅन. कूलरच्या तळाशी उभे, वर मटणाच्या पिशव्या, फटींत उरलेले कॅन. बर्फ वितळला तरी पाणी कॅनमध्येच राहतं. मटण पाण्यात भिजत नाही, आणि सुट्या बर्फात नेमकं तेच होतं. उघडझाप कमी केली तर तीन दिवस काढतात.

हरीण, एल्क किंवा मूस नेत असाल तर आणखी एक नियम पाहायचा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या रोगामुळे बहुतेक राज्यं मेंदू आणि पाठीचा कणा असलेलं धड हद्दीत येऊ देत नाहीत; हाडं काढलेलं मटण चालतं. प्रॉन्गहॉर्नला हा रोग झाल्याचं आढळलेलं नाही. तरी मान सोडून बाकीची हाडं आम्ही तिथेच काढतो. वजन आणि जागा वाचते.

खाटकाकडे दिलं तर जनावरामागे शंभर-दीडशे डॉलर जातात, आणि सगळं गणित कोसळतं. आम्ही डायनिंग टेबलावर प्लास्टिक अंथरतो, रविवारची दुपार, तीन पातळ सुऱ्या. स्नायूंच्या शिवणीत सुरी घातली की तुकडे आपोआप सुटे होतात. पांढरा पडदा आणि चरबी काढून टाका, वास असलाच तर त्यातच. मागचे पाय तुकड्यांना, पुढचे खिम्याला, पाठ तव्यावर तुपात दोन मिनिटं, बस. चरबी अजिबात नसल्यामुळे बोकडाच्या हिशेबाने शिजवलंत तर चामडं होईल. मात्र मान वेगळी. ती हाडासकट ठेवायची, कांदा-खोबऱ्याच्या भाजक्या वाटणात, कुकरला सात शिट्ट्या आणि मग उघड्या पातेल्यात आटवून.

पाकिटांवर नवरा मराठीत लिहितो, आयोवाकराच्या वाट्याच्या पाकिटांवरसुद्धा. मागच्या फेब्रुवारीत आयोवाकराने मला ऑफिसात फोटो दाखवून विचारलं, हे काय आहे, किती वेळ शिजवू. पाकिटावर लिहिलं होतं, "मान, डो क्र. २, सुक्कं करणे".